पाऱ्याचा धूर दाखव!

"धुरात विष आहे ना? मग उद्या संध्याकाळी ते माझ्यासमोर आणून दाखव!" राजा रणधवल कडाडला. "नाही दाखवलंस, तर परवापासून तुझा बाप पुन्हा भट्टीपुढे बसेल आणि त्याच्या शेजारी तू!"

समोर उभी होती मंजुळा, हैबती सोनाराची लेक. राजाला नव्या देवळाचे सगळे कळस दसऱ्याच्या आत सोनेरी करून हवे होते. त्याची रीत अशी, की सोने पाऱ्यात कालवायचे, तो लेप तांब्याच्या कळसावर चोपडायचा आणि कळस भट्टीवर तापवायचा. पारा उडून जातो, सोने राहते. पारा उडून कुठे जातो, याची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. तो कारागिरांच्या नाकात जात होता. वर्षानुवर्षे हेच काम करून हैबतीचे हात आता असे कापत, की भाकरीचा घास तोंडाकडे निघे आणि कानापाशी पोहोचे.

त्यात कारखान्याचे अधिकारी, कारखानीस खंडेराव, यांनी सगळ्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. उघड्या खिडकीतून सोने चोरीला जाईल, अशी त्यांना काळजी. काळजीवाहू माणूस!

मंजुळेने तक्रार केली, तेव्हा पाहणी मात्र रीतसर झाली. राजवैद्य पालखीतून आले, नाकाला उपरणे लावून कारखान्याची भिंत रस्त्यावरूनच न्याहाळली आणि आतली हवा उत्तम असल्याचा निर्वाळा देऊन परत गेले.

"हात कापतात ते ताडीने, महाराज!" खंडेराव म्हणाले.

"माझा बाप ताडीला शिवत नाही," मंजुळा म्हणाली. "ताडी तुमचे कोतवाल पितात. लाच घेताना त्यांचे हात कधी कापलेले पाहिले नाहीत!"

दरबारात बऱ्याच जणांना एकदम खोकला आला. कोतवालांनी छताकडे पाहिले.

"फार बोलतेस!" राजा म्हणाला. "ऐक. आजारी माणूस आणायचा नाही, मेलेला उंदीर आणायचा नाही. मला विष डोळ्यांनी दिसलं पाहिजे!"

"कबूल, महाराज! पण मला खोटं न बोलणारा एक साक्षीदार द्या."

"माझ्या दरबारात हवा तो निवड."

मंजुळेने दरबारावरून एकवार नजर फिरवली आणि म्हणाली, "तुमच्या बोटातली अंगठी चालेल."

राजाची अंगठी चोख सोन्याची होती. तिच्यावर सूर्य कोरलेला होता, कारण राजघराणे सूर्यवंशी. राजाने ती आपल्या पहारेकऱ्याच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे पहारेकऱ्याने शिडी लावून ती कारखान्याच्या आढ्याला टांगली, शिडी बाहेर नेली आणि दाराशी बसला. खाली दिवसभर नेहमीसारखे काम चालले. संध्याकाळी त्यानेच अंगठी उतरवली आणि दरबारात आणली.

राजाने ती पाहिली आणि तो ताडकन उठला. अंगठी पांढरीफटक पडली होती!

"चोरी!" खंडेराव ओरडले. "सोन्याची पळवली, कथलाची ठेवली! पकडा हिला!"

"थांबा!" राजाने अंगठी फिरवून फिरवून पाहिली. "आतल्या बाजूला हा ओरखडा आहे, तो माझ्याच तलवारीचा. अंगठी माझीच. हिला झालं काय?"

"धुरातला पारा बसला तिच्यावर," मंजुळा म्हणाली. "सोनं दिसलं की पारा त्याला चिकटतो. म्हणून आमच्यातलं कोणी अंगावर गुंजभर सोनं घालून आत जात नाही. अंगठी एक दिवस आत होती, महाराज. बाबा अकरा वर्षं होते. तिचा रंग दिसतो, त्यांच्या छातीतला दिसत नाही, एवढाच फरक."

राजा खाली बसला. त्याने अंगठी नखाने खरवडून पाहिली.

"ही पुन्हा पिवळी होईल?"

"होईल की! भट्टीवर तापवली की पारा उडेल. पण वस्तू राजाची, काम नाजूक. कारखानीसांनीच तापवावी. आणि दार घट्ट लावून बसावं, नाहीतर सोनं चोरीला जायचं!"

"ठीक! खंडेराव, घ्या अंगठी."

खंडेरावांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "महाराज, मला जरा पडसं आहे."

"धुरात तर काहीच नाही ना?"

"काहीच नाही, महाराज! हवा उत्तम आहे! पण..." खंडेरावांना घाम फुटला. "माझी मुलं लहान आहेत हो!"

"मीही लहानच होते," मंजुळा म्हणाली, "बाबा भट्टीपुढे बसले तेव्हा."

या वेळी कोणाला खोकला आला नाही.

"पोरी, जिंकलीस," राजा हळू आवाजात म्हणाला. "आता यावर उपाय सांग. गवंडी बोलावू? परदेशातून जाणकार आणवू? की सरदारांची एक समिती नेमू?"

"समिती नको, महाराज! तोवर आम्ही उरायचो नाही. एकच करा. उद्यापासून कारखानीसांची बैठक भट्टीच्या शेजारी मांडा. धुरांडं कुठे हवं, खिडक्या किती हव्यात, तोंडाला काय बांधायचं, हे सगळं ते दुपारच्या आत स्वतःच शोधून काढतील!"

राजा आधी गालात हसला, मग खो खो हसत सुटला, इतका की मुकुट सावरायला सेवक धावला. "काल सूर्यवंशी होतो, या पोरीने एका दिवसात चंद्रवंशी केलं!" असे म्हणत त्याने ती पांढरी अंगठी सगळ्या दरबाराला दाखवली.

हैबतीला घरबसल्या पूर्ण पगार मिळाला. मंजुळेला शंभर मोहरा मिळाल्या आणि वर एक अधिकार: राज्यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याची बैठक, तिला वाटेल त्या दिवशी, त्याच्या माणसांच्या कामाच्या जागी हलवायची!

त्या संध्याकाळी दरबार सुटल्यावर निम्मे अधिकारी मंजुळेला वाकून रामराम घालून गेले. उरलेले निम्मे गवंडी शोधायला धावले.