खंडेनवमीचं हत्यार

"...मग उद्याच्या पूजेत माझी रापी असणार का न्हाई, अण्णा? तेवढं एकदा सांगून टाका."

शिदूअण्णा सुपारी कातरत होते. जगबुडी झाली तरी सुपारी सवडीनंच कातरायची, असा त्यांचा नेम.

त्यांच्याकडं चामड्याचं काम शिकणारा हिंदुराव समोर उकिडवा बसला होता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अण्णांच्या पडवीत त्या दिवशी हत्यारं पाटावर मांडून पुजायची. ज्याचं हत्यार पाटावर, तो कारागीर. बाकीचे नुसते प्रसादाचे धनी. आणि कातडं कापायची रुंद पात्याची रापी शिकाऊ माणसाला अण्णांनीच द्यायची. नाही दिली, तर वर्षभर उसन्या हत्यारावर दिवस काढायचे.

हिंदुरावनं तर रापी मिळाल्याचं सासुरवाडीला आधीच कळवून टाकलं होतं!

गडी साधासुधा नव्हे. गावातल्या गणपतींचे डोळे तोच रेखायचा. त्यामुळं रंगातलं सगळं आपल्याला कळतं, हा समज त्याच्या डोक्यात बिनभाड्यानं राहायला आलेला.

रापीसाठी परीक्षा म्हणून केलेला पट्टा त्यानं पुढं केला. मनगटाला बांधायचा, चामड्याचा. वर कोरलेला मोर. रंग असा लालभडक, की बघून मिरचीला ठसका लागावा.

"मोर झ्याक उतरलाय," अण्णा म्हणाले.

"आन् रंग?"

अण्णांनी पानात सुपारी घालून विडा तोंडात टाकला.

"रंग, अण्णा!"

"बांध मनगटाला. बांधलास? आता परसात जा, सगळी हत्यारं धुऊन आण."

हिंदुराव उड्या मारतच गेला. पूजेची हत्यारं आपल्या हाती दिली, म्हणजे गंगेत घोडं न्हालंच की!

परत आला तेव्हा हत्यारं लखलखत होती. अण्णांनी त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्याच्या मनगटाकडं बघितलं.

"पट्टा कुठाय?"

"खिशात ठिवलाय. भिजला असता की."

"भिजला असता तर?"

"रंग गेला असता, अण्णा. लई जीव लावून दिलाय..."

"आण हिकडं."

अण्णांनी पट्टा स्वतःच्या मनगटावर चढवला. बटण लावलं. कातडं ओलं करायची बादली शेजारीच होती, तिच्यात कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून बसले. जणू नदीकाठी संध्येलाच बसलेत.

पाणी लाल झालं.

"अवं अण्णा!" हिंदुराव किंचाळला. "वाटोळं केलंत की माझ्या कामाचं!"

"मी? अरं, मनगटाला घाम येतोय. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या बाहीवर तुझा मोर नाचला असता, तवा मी कुठं असतो?"

हात बाहेर निघाला तो कोपरापर्यंत लाल. मोर शाबूत होता, पिसाला पीस लागून उभा. पण रंग जागोजाग उडालेला, जुन्या भिंतीसारखा.

"रंग चढवल्यावर जादा रंग निघंस्तवर पट्टा कोरड्या फडक्यानं घासला हुतास?"

"घासला असता तर निम्मा फडक्यालाच लागला असता."

"मग?"

"मग... फिका दिसला असता."

अण्णांना हसू फुटलं. तोंडात पान, त्यामुळं हसू आवरता आवरता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. हिंदुरावनं त्यांची पाठ चोळली. राग आला होता, पण करतो काय!

"म्हणजे औंदा रापी न्हाई," तो पुटपुटला.

अण्णा उठले. कोपऱ्यातल्या खुंटीवरचं एक फडकं काढलं. लाल, काळा, तपकिरी... कुठल्या कुठल्या पट्ट्यांचा रंग पिऊन ते फडकं गोधडीसारखं जाड झालं होतं. त्यांनी ते हिंदुरावच्या हातात ठेवलं.

"हे मांड उद्या पाटावर. माझ्या रापीच्या शेजारी."

"फडकं?"

"धुऊन मांड."

हिंदुराव फडक्याकडं बघत राहिला. नाकाशी धरलं, तोंड वाकडं केलं. पण खाली ठेवलं नाही.

"लोकं हसतील, अण्णा. उद्या सासरा येतोय, मुद्दाम बघायला. चारचौघांत इचारंल, जावयबापू, तुमचं हत्यार कुठाय?"

अण्णांनी लाल हातानं पानाचा डबा मिटला.

"सांग, पाटावर वाळत घातलंय."