बारावी खुर्ची

“...पण विश्वासच उरला नसेल, तर केलेल्या कामांचं काय होतं, फादर?”

फादर एलायस चर्चमध्ये वेदीपुढे खुर्च्या मांडत होते. पवित्र गुरुवारची दुपार. संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे सामूहिक उपासनेत, ते गावातल्या बारा जणांचे पाय धुणार होते, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. यंदा त्या बारांत हे विचारणाऱ्या इनासचं नाव होतं.

“कुणाची कामं?”

“माझीच.”

इनासच्या आवाजात थोडी घमेंड होती, आणि ती लपवावी असं त्याला वाटलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या गावातल्या चार म्हाताऱ्यांना तो रोज आंघोळ घाली, त्यांची नखं कापी. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. त्याची बायको रेजिना गेली, त्या दिवशीसुद्धा नाही.

“तिच्यासाठी नऊ महिने गुडघे टेकले मी,” तो म्हणाला. “ती गेलीच. तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की आत काही हलत नाही. हात तेवढे चालतात.”

“हं...”

“तुम्हीच सांगता, कामांवाचून विश्वास मेलेला. मग विश्वासावाचून कामं? ती जिवंत की मेलेली?”

फादरांनी एका खुर्चीवरची धूळ झग्याच्या बाहीनं पुसली.

“मी आज बसणार नाही,” इनास म्हणाला. “साऱ्या गावासमोर सोंग आणायला मला जमणार नाही. काल रात्रीच ठरवलं.”

“बरं. मग एक खुर्ची उचल. आतल्या खोलीत नेऊन ठेव.”

इनास घुटमळला. फादर समजूत घालतील, निदान दोन शब्द तरी बोलतील, असं त्याला वाटलं होतं. त्यानं बारावी खुर्ची उचलली.

“चपला काढ रे. मार्थानं आत्ताच फरशी पुसलीय. बोलणी मला बसतील.”

चपला काढून तो आत गेला, खुर्ची ठेवून परत आला. फादर एका पायरीवर टेकले होते.

“बावीस वर्षं पाय धुतोय मी,” ते म्हणाले. “एक मळका पाय नशिबी आला नाही. सगळे घरूनच घासून येतात. गेल्या वर्षी त्या मिंगेलनं टाचांना खोबरेल चोपडलं होतं. पाय हातातून निसटत होता माझ्या!”

इनासला हसू आलं. मग ते ओठांवरच राहिलं.

फादर त्याच्या पायांकडे बघत होते. नखं नेटकी कापलेली. टाचा वजरीनं घासून घासून लाल झालेल्या.

“हे कधी केलंस?”

“...आज सकाळी.”

“आणि ठरवलंस कधी?”

इनासनं एक पाय हळूच दुसऱ्या पायामागे घेतला.



फादर गुडघ्यावर हात टेकून उठले.

“खुर्ची परत आण.”

“फादर, मी सांगितलं ना, मी बसणार...”

“तू नको बसूस, बाबा. टाचांसाठी आण.”