कारल्याच्या शेजारची काकडी

वेली बोलायच्या आणि माणसं ते ऐकून घ्यायची, त्या काळातली ही गोष्ट. द्वारकाबाईंच्या परसात एकाच मांडवावर कारलं आणि काकडी असे दोन वेल चढले होते.

एका दुपारी बाईंनी काकडी तोडून चावा घेतला आणि थू थू करत फेकून दिली. काकडी कडूजहर!

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," ओसरीवरून यजमान म्हणाले, "वाण नाही पण गुण लागला. ते कारलं आधी उपटून टाक."

काकडीही मुसमुसली, "याच्याच संगतीनं बिघडले हो मी!"

कारल्याच्या काळजात धस्स झालं. तिला वाट मिळावी म्हणून त्यानं आपले शेंडे वळवून घेतले होते. पण कडू म्हणून ज्याचं नाव झालंय, त्याची बाजू घेणार कोण?

बाई विळा घेऊन आल्या, वाकल्या आणि काकडीच्या आळ्यात हात टेकताच थबकल्या. माती तव्यासारखी तापली होती, भेगाळली होती.

"अगं, तुला पाणी कधीपासून नाही?"

"कोंबड्यांनी आळं उकरलं तेव्हापासून पाणी वाहूनच जातं," काकडी पुटपुटली.

"म्हणजे तहानेनं कडू झालीस होय!" बाईंनी विळा खाली ठेवला, आळं नीट केलं आणि पाण्याची घागर आणली. कारल्याचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या काकड्या गोड निघाल्या. काकडी ओशाळून म्हणाली, "कारल्या, रागावलास का रे?"

"छे गं. पण एक सांगतो. माझा कडूपणा मी उन्हातान्हात कमावलाय. तो असा शेजारीपाजारी फुकट वाटत नाही मी."