उद्या सामना, दुपारी चार

एकदा एका पेठेने वर्तमानपत्र बंद केले.

छापखान्याला त्याने काही फरक पडणार नव्हता. पेठेत मात्र ठराव झाला की उद्यापासून एकाही घरात अंक येणार नाही, चहाच्या टपरीवर तो ठेवला जाणार नाही आणि त्याच्या क्रीडा वार्ताहराने पेठेत पाऊल टाकायचे नाही. कारण फुटबॉलचे होते. त्या गावात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले होते. प्रत्येक पेठेची एक तालीम, प्रत्येक तालमीचा एक संघ, आणि संघाबद्दल वेडावाकडा शब्द निघाला तर ठरलेली लग्ने मोडत.

हंगामाआधी एक आठवडा नोंदणीचा असे. त्या आठवड्यात खेळाडू एका तालमीतून दुसऱ्या तालमीत जाऊ शकत. आठवडा संपायच्या आत प्रत्येक तालमीने आपल्या खेळाडूंची यादी दाखल करायची. ज्याचे नाव यादीत नाही तो खेळाडू खेळत नसे, आणि जिची यादीच आली नाही ती तालीम त्या वर्षी मैदानात उतरत नसे. यंदा या पेठेच्या तालमीने आपला गोलकीपर आणि मधल्या फळीचा कणा असलेला खेळाडू, दोघेही समोरच्या पेठेला जाऊ दिले होते. बदल्यात बाहेरगावचे तिघे आणायचे ठरले होते, त्यातल्या एकाचा गुडघा धड वाकत नव्हता. वार्ताहराने हे सगळे छापले. शेवटी एक ओळ घातली : मुदतीला तीन दिवस उरले असून यादी अद्याप दाखल झालेली नाही.

त्या दिवशी दुपारी तालमीच्या पायऱ्यांवर समर्थकांची गर्दी जमली.

"गोली सोडला, हे खरं हाय का न्हाई?" एका पोक्त माणसाने विचारले.

"खरं असंल. पण आत्ताच का छापलं? हंगामाच्या तोंडावर?"

"मग काय हंगाम संपल्यावर छापायचं?"

"तुझा मेव्हणा समोरच्या पेठंत हाय. तुला पुळका येणारच."

"मेव्हण्याचा काय संबंध, मर्दा? गोली गेला का ऱ्हायला, एवढंच इचारतोय."

"शेठनी काहीतरी इचार केला असंलच की. ते काय खुळे हाईत?"

"आणि लिहिणारा कोण? आपल्याकडंच बॅक खेळत हुता नव्हं? त्याच्या दोन पायांमधनं किती गोल गेले, त्ये छाप म्हणावं आधी."

यावर सगळे मनमुराद हसले आणि पोक्त माणसाचा प्रश्न त्या हशात बुडाला. बातमी खोटी आहे असे दोन तासांत एकानेही म्हटले नव्हते. ती कुणी लिहिली, का लिहिली, कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, याचीच चर्चा चालली होती. यादी गेली की नाही हे नोंदणीच्या कार्यालयात जाऊन पाहायला अर्धा तास पुरला असता. त्या अर्ध्या तासाला कुणी तयार नव्हते.

मग तालमीचे अध्यक्ष आले. ते पेठेतले मोठे व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणत. संघात कुणाला घ्यायचे, कुणाला सोडायचे, हे त्यांच्या शब्दावर चाले. त्यांनी पायरीखाली उभे राहून हात जोडले.

"माझ्यावर विश्वास हाय का न्हाई, एवढं सांगा."

"हाय," गर्दी म्हणाली.

"मग यादीची काळजी तुम्ही कशाला करताय? यादी जाईल."

जयजयकार झाला. व्यापारी हात जोडलेलेच ठेवून निघून गेले.

आता ठराव फळ्यावर लिहायचा होता. प्रत्येक तालमीच्या दाराशी एक फळा असे, त्यावर सामन्याची वेळ आणि निकाल लिहिले जात, आणि त्यावर जे लिहिले ते पेठेचे म्हणणे समजले जाई. या तालमीचा फळा गेली बारा वर्षे एकच माणूस लिहीत होता. तो समर्थकांचा म्होरक्या, तालमीच्या वस्तादांचा शिष्य. वस्तादांनी त्याला आधी डाव शिकवले, आणि कुस्तीत तो फार पुढे जाणार नाही हे दिसल्यावर फळा लिहायला शिकवले. अक्षर कसे ठसठशीत काढायचे, 'श'ची शेपटी कशी लांब ओढायची, सगळे त्यांचेच.

शिष्याने खडू उचलला आणि लिहिले : 'उद्यापासून पेठेत पेपर बंद. अफवांवर विश्वास ठेवू नये.'

वस्ताद इतका वेळ वरच्या पायरीवर बसून होते. ऐंशीच्या घरातला माणूस, कान पिळवटून घट्ट झालेले, पाठ अजून ताठ. ते उठले, नळाशी गेले, खांद्यावरचा पंचा त्यांनी पाण्यात बुडवला, अर्धवट पिळला आणि ओलाच पुन्हा खांद्यावर टाकला. आता वस्ताद आपला फळा पुसणार, असे शिष्याला वाटले. पण वस्तादांनी फळ्याकडे नुसते पाहिले.

"चल," ते म्हणाले.

ओढ्यावरचा साकव ओलांडून ते पलीकडच्या वस्तीत शिरले. शिष्याचा जन्म गावातला, पण त्या गल्लीत तो कधी गेला नव्हता. तिकडे जाण्यासारखे काही आहे असे कुणी म्हटलेच नव्हते. चार वाजले असावेत. लख्ख ऊन होते, तरी गल्लीत एकही दार उघडे नव्हते आणि त्यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता. गल्लीच्या टोकाला एक तालीम होती. दारावर झेंडा होता, पण त्याचा रंग कोणता हे सांगता येत नव्हते. तो भिंतीच्या रंगाचा झाला होता.

दारासमोर दहा-बारा माणसे चवाळी अंथरून गोलात बसली होती. सगळी म्हातारी, सगळी उत्साहात.

"उद्या आपला सेंटर फॉरवर्ड तीन मारतोय बघ."

"तीन कसले, चार."

"नवा गोली काय आणलाय शेठनी. भिंत हाय भिंत."

शिष्याला बरे वाटले. ही भाषा ओळखीची होती. तो पुढे झाला आणि नमस्कार करून म्हणाला, "सामना कुणाबरोबर हाय, काका?"

"उद्या हाय."

"ते झालं. पण कुणाबरोबर?"

"उद्या कळंल की."

"मागच्या सामन्याचा निकाल काय लागला?"

"जिंकलो."

"किती गोलनी?"

"जिंकलो म्हटलं की," म्हातारा हसून म्हणाला. सगळे एकदमच हसले आणि एकदमच थांबले.

तेव्हा शिष्याने नीट पाहिले. एक जण मांडीवर फुटबॉलचा बूट घेऊन त्याला तेल लावत होता. बुटाचे चामडे कधीच झडून गेले होते. उरलेल्या तळव्याच्या खिळ्यांवरून तो मायेने बोट फिरवत होता. दाराजवळच्या खुंट्यांवर असे अकरा जोड टांगलेले होते. नाड्या बांधलेल्या, आणि एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत कोळ्याची जाळी. बाजूला फळा होता. त्यावर ताज्या खडूने लिहिले होते : 'उद्या सामना, दुपारी चार. सर्वांनी यावे. अफवांवर विश्वास ठेवू नये.'

वस्तादांनी खांद्यावरचा पंचा काढला, गोल ओलांडून ते सरळ फळ्याशी गेले आणि त्यांनी तो पार कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसून काढला.

परक्या माणसाने तालमीच्या फळ्याला बोट लावले तर त्या गावात डोकी फुटत. इथे कुणी हललेसुद्धा नाही. वस्ताद त्यांच्या मधोमध उभे होते आणि त्यांची नजर वस्तादांच्या आरपार फळ्यावर होती.

"दव पडलं वाटतं," त्यांच्यातला एक जण म्हणाला. भर उन्हात.

तो उठला, त्याने खडू घेतला आणि ओल्या फळ्यावर लिहू लागला. ओल्यावर खडू उमटत नाही. तरी त्याचा हात थांबला नाही. काळ्याभोर फळ्यावर तो काहीच न दिसणारे काहीतरी लिहीत गेला, मग खडू ठेवून जागेवर जाऊन बसला. हळूहळू फळा वाळू लागला आणि अक्षरे एकेक करून पांढरी होऊन वर आली. उद्या. सामना. दुपारी. शेवटच्या शब्दांपाशी शिष्य आणखी जवळ सरकला. 'विश्वास' या शब्दातल्या 'श'ची शेपटी लांब ओढलेली होती.

बूटवाल्या म्हाताऱ्याने मान वर करून त्याच्याकडे प्रेमाने पाहिले.

"तुमच्याकडंबी पेपर बंद झाला म्हणं. झ्याक केलंत. बस."

ठराव होऊन तास झाला नव्हता. ती बातमी ओढ्यापलीकडे सांगायला कुणी माणूस आले नव्हते. म्हातारा थोडा सरकला. त्याच्या शेजारी एक चवाळे रिकामे होते, नुकतेच झटकल्यासारखे स्वच्छ. इथे बसले तर कुणाशी वाद घालावा लागणार नाही, गोलीबद्दल कुणी विचारणार नाही, उद्या जिंकणारच आहोत, असे शिष्याच्या मनात आले आणि त्याचे गुडघे आपोआप वाकू लागले. तेवढ्यात त्याच्या मनगटावर जुनी, लोखंडी पकड बसली. वस्तादांनी त्याला आखाड्यातल्यासारखे खेचून गल्लीबाहेर काढले.

साकवावर आल्यावर शिष्याला पाण्याचा आवाज ऐकू आला. इतका वेळ कसलाच आवाज नव्हता, हे त्याला तेव्हा कळले.

"वस्ताद, ती माणसं जिवंत हाईत?"

"माणसं जिवंत हाईत. संघ जाऊन सव्वीस वर्षं झाली." वस्ताद कठड्याला टेकले. "ते हरले न्हाईत, लेका. हरलेला संघ पुढच्या वर्षी खेळतो. यांची यादीच गेली न्हाई. पेपरात चार दिवस रोज छापून येत हुतं, यादी गेली न्हाई, यादी गेली न्हाई. पण पेपर बंद केला हुता. अध्यक्ष म्हणाले जाईल, सगळे म्हणाले जाईल. सामन्याच्या दिवशी झेंडे घेऊन मैदानावर गेलो, तर तिथं दुसरेच दोन संघ खेळत हुते. कुणाला कुणाच्या तोंडाकडं बघवंना. परत येऊन फळ्यावर लिहिलं, उद्या सामना. तेव्हापासून ते तेच अक्षर गिरवतात."

"अक्षर कुणाचं?"

वस्तादांनी आपला उजवा हात पुढे केला. "ओळखलं न्हाईस? तुला मीच शिकवलं की."

शिष्याने मागे वळून गल्लीकडे पाहिले. मग म्हणाला, "पण वार्ताहर चुकला असंल तर?"

"चुकू दे की. चुकला तर यादी त्याच्या तोंडावर टाक आणि माफी छापून घे. पण आपलं दार लावून घेतलं म्हणून यादी जात न्हाई. एक सांगतो. शिव्या घालायच्या झाल्या तरी समोर संघ लागतो. कौतुकाला संघ लागत न्हाई. आत्ता बघून आलास."

शिष्य पेठेत परतला तेव्हा पायऱ्यांवर गर्दी तशीच होती. त्याने कुणाशी न बोलता फळा पुसला. "अरं काय करतोस?" म्हणून चार जण अंगावर आले. तो तसाच व्यापाऱ्यांच्या दुकानात गेला.

"शेठ, यादी दाखवा."

"तूसुद्धा?" व्यापाऱ्यांचा आवाज चढला.

"मीच. फळा मी लिहितो."

व्यापाऱ्यांनी कमरेची किल्ली काढून खण उघडला. मग त्यांनी खणातून कागद काढला. वर तालमीचे नाव होते, खाली एकही नव्हते. बाहेरगावच्या तिघांपैकी दोघांनी ऐनवेळी पाठ फिरवली होती, आणि दोघे चांगले खेळाडू हातचे गेले होते. "सांगणार हुतो," ते खाली पाहत म्हणाले, "पण तुम्ही जयजयकार करत हुता. त्यात कसं सांगू?"

त्या संध्याकाळी दुकानातच बसून यादी लिहिली गेली. पोक्त माणसाला बोलावून घेतले आणि वार्ताहरालाही. त्याने नियमांचा कागद आणला आणि न वाकणाऱ्या गुडघ्याबद्दल आणखी दोन खोचक वाक्ये ऐकवली. गोलकीपरच्या जागी राखीव खेळाडूचे नाव पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी दाखल झाली.

त्या वर्षी संघ सहा सामने खेळला आणि चार हरला. प्रत्येक पराभवानंतर वर्तमानपत्राने व्यवस्थापनाची सालटी काढली. तो अंक रोज सकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलेला असे, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात एक ओळ : 'आधी वाचा. मग शिव्या द्या.' पेठ वाचत होती आणि शिव्या देत होती, वार्ताहराला, शेठना, गुडघ्याला आणि फळा लिहिणाऱ्यालाही.

पुढल्या नोंदणीच्या आठवड्यात वस्ताद नळाशी पंचा भिजवू लागले, तेव्हा शिष्याने तो त्यांच्या हातातून घेतला. ओढ्यापलीकडच्या गल्लीत फळा त्याने पुसला. अक्षरे पुन्हा वर आली. ते रिकामे चवाळे अजून तिथेच होते, झटकलेले. शिष्याने काखेतला त्या दिवशीचा अंक चवाळ्यावर ठेवला आणि तो निघाला. कुणी तिकडे पाहिले नाही.

वर्षाने दोघे पुन्हा गेले. अंक तिथेच होता, पिवळा पडलेला. पण त्याची घडी मोडलेली होती.