मिटलेल्या देण्यातलं एक बोर

रानात अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. तीन पानगळी कुणी मागितलं नाही, तर देणं मिटे. पण त्यातलं एक बोर जरी दिलं, तर सगळं देणं पुन्हा जिवंत होई.

एकट्या म्हाताऱ्या साळूकडे सातव्या पानगळीला कोल्हा वसुलीला आला.

"मावशी, तुमच्या यजमानांनी शंभर बोरं नेली होती. आज एकच द्या."

साळूने काटे फुलवले. "मेल्या, मला फसवतोस? ते देणं कधीच मिटलं!"

"बरं, पुन्हा नाही येणार," म्हणत कोल्हा वळला.

यजमान गेल्यापासून तिच्या बिळाशी दुसरं कुणीच फिरकलं नव्हतं.

"थांब रे," म्हणत साळूने त्याच्या पंजावर एक बोर ठेवलं. "बाकीची एकदम नको मागूस. रोज एकेक न्यायला येत जा."