काहिलीतला रस आणि वाळलेलं चिपाड

फार पूर्वी, एका गुऱ्हाळात उसाचा ताजा रस मोठ्या काहिलीत उतरला. शेजारी वाळलेलं चिपाड पाहून तो हसला, "तुझ्यात गोडवा म्हणून उरला नाही!"

चिपाड म्हणालं, "बाळा, आपण दोघं एकाच साखरेचे. तू मोकळा राहिलास. आम्हा चिपाडांतल्या साखरेच्या कणांनी हातात हात घालून घट्ट साखळ्या केल्या, म्हणून तुला पोटात घेऊन ऊस वाऱ्यावावटळीत उभा राहिला."

"बढाया पुरे!" रस खेकसला.

तेवढ्यात गूळ करणाऱ्या गुळव्यानं चिपाडाची मोळी उचलली आणि काहिलीखालच्या चुलवणात सारली. चिपाड निमूट जळलं. त्याच्याच आचेवर आटत आटत रसाचा गूळ झाला.

"काय गोडी आहे!" खडा तोंडात टाकून लोक म्हणाले. गुळाला मात्र मान वर करवेना. माफी मागावी, तर खाली नुसती राख उरली होती.