आवडाबायची बोलणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा शेवऱ्याच्या खाडीवर पूल नव्हता, आणि शेवऱ्याच्या माणसांना अक्कलही बेताचीच होती. ओहोटीला पाणी उतरलं की लोक चिखल तुडवत पायीच पलीकडे जायचे आणि भरतीच्या आत परत यायचे. उशीर झाला असला तरी यांचं आपलं एकच. काठावरून नारळ सोडायचा, हात जोडायचे आणि निघायचं. नारळ दिला की खाडी वाट देते, असं म्हणत. कोण म्हणत, तर जे अजून बुडाले नव्हते ते.

या गावात आवडा सून म्हणून आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एकदा तिचा नवरा धर्मा मीठ आणायला पलीकडे निघाला. आवडा खाडीकाठीच वाढलेली. पाणी फिरलंय, भरती लागलीय, हे तिनं बघताक्षणी ओळखलं. पण शेजारी सासरे उभे होते, आणि नव्या सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, अशी तिथली रीत. तिनं पदर दातांत धरला. धर्मानं नारळ सोडला आणि तो चिखलात उतरला. संध्याकाळी नारळ तेवढा काठाला परत लागला. धर्मा काही आला नाही.

लोक म्हणाले, खाडीनं आपलं देणं घेतलं. ते ऐकून आवडाच्या अंगाचा तिळपापड झाला. कसलं देणं आणि कसलं काय! माणूस भलत्या वेळी निघाला, आणि जिला कळत होतं ती तोंड मिटून उभी राहिली. माहेरची माणसं तिला न्यायला आली, ती गेली नाही. रडायचं तेवढं रडली, मग पदर खोचला आणि लोक खाडीत उतरायचे त्या उताराजवळ खोपटं बांधून राहिली. त्या दिवसापासून तिनं गप्प बसणं सोडलं.

जो अवेळी चिखलात उतरेल त्याला ती बोलायची. मग तो गावचा खोत का असेना. “डोळे आहेत की कवड्या?” इथपासून सुरुवात. लोक वैतागले. पण तीही काही कमी वैतागली नव्हती. रोज तेच सांगायचं, आणि रोज कुणीतरी शहाणा नारळ घेऊन हजर. कितीदा तिनं ठरवलं, जाऊ देत मसणात, आपल्याला काय त्याचं. पण पाणी फिरायची वेळ झाली की पाय तिला काठावर घेऊन जायचेच. तिच्या तोंडाला कंटाळून का होईना, माणसं माघारी फिरू लागली आणि जगू लागली.

अशी वर्षं गेली. आवडाची आवडाबाय झाली. मग एकदा धर्माचा चुलतभाऊ विश्राम आपल्या मुलाचं वऱ्हाड घेऊन काठावर आला. पुनवेचं उधाण, आणि पाणी केव्हाच फिरलेलं.

“भावोजी, माघारी फिरा,” आवडाबाय म्हणाली.

“वहिनी, मुहूर्त टळेल. नारळ दिलाय तिला.”

“तिला काय दात आहेत नारळ खायला? मुहूर्त भटजी दुसरा काढून देतील. ही पोरं तुम्हाला दुसरी कोण काढून देणार?”

पण वाजंत्री जोरात वाजत होती, आणि वऱ्हाड कधी कुणाचं ऐकतं? सगळे उतरले. मधोमध पोचले आणि पाणी आलं. बायकापोरं चिखलात रुतली, रडारड सुरू झाली. आवडाबायनं कपाळावर हात मारला आणि तशीच आत शिरली. आणि असं म्हणतात की तिनं वऱ्हाडाला सोडलं आणि खाडीलाच फैलावर घेतलं.

“काय गं भवाने, एक दिवस दमानं आलीस तर काय बिघडेल तुझं? यांना कळत नाही, तुला तर कळतं ना? माझा माणूस नेलास तेव्हा मी बोलले नाही. आता ऐकून घे.”

ती बोलत राहिली, आणि ती बोलत होती तोवर पाणी तिच्या कमरेशी ओशाळून थबकलं, असं म्हणतात. माणूस न् माणूस माघारी अलीकडच्या काठाला लागला. नवरदेवाच्या मुंडावळ्यासुद्धा भिजल्या नाहीत, असंही म्हणतात. आता हे जरा जास्तच होतं, पण म्हणतात खरं.

विश्राम तिच्या पाया पडायला वाकला. त्याला झापायला तिनं तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. सगळा आवाज खाडीत संपला होता. तो पुन्हा कधी आला नाही.

लग्न दुसऱ्या मुहूर्तावर झालं. पण माणसं ती माणसं. पुढच्याच अमावस्येला विश्राम नारळ घेऊन काठावर उभा. आवडाबाय नुसते हातवारे करत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तेव्हा हळद न उतरलेली नवी सून पुढे आली आणि सगळ्या गावासमोर सासऱ्याला म्हणाली, “मामंजी, डोळे आहेत की कवड्या?”

विश्राम माघारी फिरला.

आता खाडीवर पूल आहे. तरी शेवऱ्यात नवी सून आली की तिला आधी खाडीकाठी नेतात. तिथे तिनं सासऱ्याला चारचौघांत बोलणी सुनवायची, सासऱ्यानं मान खाली घालून ऐकायची. सून लाजून गप्प राहिली, तर तिला कुणी घरी चल म्हणत नाही. ती तोंड उघडेपर्यंत अख्खं वऱ्हाड उन्हात ताटकळत उभं राहतं.